खाकी कागदावर बेतलेली बोट

लिफ्टवाला अंथरुणाला खिळला तेव्हा परसातल्या शेडमध्ये त्याची बोट निम्मीही झाली नव्हती. लाकडी कणा, त्यावर उभ्या केलेल्या बरगड्या आणि तळाशी ठोकलेल्या पाच फळ्या, एवढंच. शेजारी म्हणायचे, कुणीतरी मोठा मासा खाऊन काटे इथं टाकलेत.

तीस वर्षं त्याने इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. अंधाऱ्या, ग्रीसने बरबटलेल्या बोळात लोंबकळत जन्म गेला. "आयुष्यभर वर-खाली केलं, आता जरा पुढे जायचंय," असं तो म्हणायचा. वीस फुटी बोट, मागच्या बाजूला फिरती खुर्ची, हातात गळाची जाड काठी आणि खोल पाण्यातला माणसाच्या वजनाचा मासा, एवढंच त्याचं स्वप्न होतं. पोटापाण्यासाठी नव्हे, निव्वळ हौस. बायको कपडे शिवायची. तिच्या मशीनच्या खडखडाटात आणि त्याच्या रंध्याच्या आवाजात दोघांचे रविवार मजेत जात.

मग एका सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून गळून पडला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उरला एकच शब्द : "नाही." तहान लागली तरी "नाही", नको असलं तरी "नाही". स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून तो रडायचा.

तिसऱ्या महिन्यात त्याने खाणं सोडलं. चमचा ओठांशी नेला की दात घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायचा. पेज हनुवटीवरून ओघळायची. तिने समजावलं, विनवलं, एकदा रागाच्या भरात वाटी भिरकावली आणि मग फरशी पुसत हुंदके दिले. डॉक्टर म्हणाले, "बाई, माणसालाच जगायचं नसेल तर माझ्या गोळ्या काय करतील?"

त्याच आठवड्यात धाकटा दीर करवत घेऊन आला. मनाने वाईट नव्हता, पण घायकुत्या.

"वहिनी, शेड मोकळी करू या. दादाच्या खिडकीतून तो सांगाडा दिसतो. उगाच जखमेवर मीठ कशाला?"

ती काही बोलायच्या आत आतून आवाज आला. "नाही! नाही, नाही!" ती धावली. तो पलंगावरून अर्धा खाली लोंबला होता, डावा हात खिडकीच्या गजाला, डोळे शेडकडे. तीन महिन्यांत त्या डोळ्यांत तिला पहिल्यांदाच जीव दिसला.

"भाऊजी, करवत खाली ठेवा," ती म्हणाली. "बोट मी पुरी करणार आहे."

"तुम्ही? वहिनी, फळी म्हणजे कापड नव्हे!"

नव्हतीच. पण बुडत्याला काडीचा आधार. तिने नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "ऐका. चार घास पोटात गेले तर एक फळी. नाही गेले तर भाऊजींची करवत आहेच. बोला."

"नाही," तो म्हणाला आणि तोंड उघडलं.

पहिल्या फळीने तिला रडवलं. सरळ कापलेली फळी बरगड्यांवर टेकवली की मधे बसायची आणि दोन्ही टोकांना वर उठायची. दाबली तर फाटायची. चांगल्या लाकडाच्या दोन फळ्या वाया गेल्या. संध्याकाळी ती हरल्यासारखी त्या सांगाड्याकडे बघत बसली होती, आणि एकदम तिला खांदा दिसला. कोटाचा खांदा. सरळ कापड गोलाव्यावर कधी बसलंय? तिने कपाटातला खाकी कागद आणला, बरगड्यांवर चापून बसवला, कडेची रेघ मारली आणि जमिनीवर पसरला. कागद केळ्यासारखा वाकडा निघाला. फळी अशी वाकडी कापायची, म्हणजे ती सरळ बसते! ती कागद घेऊन खिडकीशी पळाली. त्याने बघितलं, आणि "नाही, नाही" म्हणत डाव्या हाताने पलंगावर थापा मारल्या. या "नाही"चा अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती.

मग तिने त्याची चाकाची खुर्ची शेडमध्येच आणली. फळी पत्र्याच्या लांब पेटीत घालून वाफवायची, नरम झाली की दोघांनी उचलून बरगड्यांवर वाकवायची आणि गार व्हायच्या आत ती धरून ठेवणारे लोखंडी शिकंजे आवळायचे. दोन मिनिटांचा खेळ. दीर एका टोकाला, ती दुसऱ्या.

"काढू का आता?" ती विचारायची.

"नाही," तो लांबवून म्हणायचा. म्हणजे थांब.

"आता?"

"नाही!" तोडून. म्हणजे काढ.

तिचे हात भाजले, नखं काळी पडली. गिऱ्हाइकं तुटली, कारण शिवायला दिलेले कपडे महिनोन्‌महिने तसेच पडून. काही दिवस तो पुन्हा तोंड मिटून घ्यायचा. मग तीही शेडला कुलूप लावून बसायची. दोघं एकमेकांना असं ओलीस धरून जगत होते. आपण याला वाचवतोय की छळतोय, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

दोन वर्षांनी बोट ट्रकवरून धक्क्यावर गेली आणि पाण्यात उतरताच गळू लागली. एका सांध्यातून नव्हे, सगळीकडून. धक्क्यावरचा राखणदार ओरडला, "बाई, वर काढा, बुडतेय!"

खुर्चीतला नवरा "नाही, नाही" ओरडत होता. लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी मिटतात, हे त्याने बोटीसाठी केलेल्या टिपणांच्या वहीत तिने वाचलं होतं. पण किती दिवसांनी, ते वहीत नव्हतं. ती बादली घेऊन आत उतरली. पाणी पिंढरीपर्यंत आलं. ती उपसत राहिली. दीर आधी डोक्याला हात लावून उभा होता, मग पँट दुमडून तोही उतरला. आळीपाळीने, भाकरीपुरतं थांबून, त्यांनी दोन दिवस पाणी उपसलं. तिचे खांदे वर उचलेनासे झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बादली घातली तर तळाशी खरडून अर्धी भरली. ती तिथेच ओल्या फळ्यांवर आडवी झाली.

त्यानंतर तो तीनदा समुद्रावर गेला. मागच्या खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला, काठी डाव्या हाताला आवळलेली, इंजिनावर दीर. तिसऱ्यांदा काठी अचानक कमान होऊन वाकली. रीळ किंचाळलं. ती मागून त्याच्या कमरेला मिठी मारून बसली. पाच मिनिटं, फार तर सहा. मग दोर तुटला. तिला वाटलं, आता हा रडणार. तो अर्ध्या चेहऱ्याने हसत होता, इतका की लाळ गळली, आणि ती पुसायचंही तिला सुचलं नाही.

थंडीत त्याला दुसरा झटका आला. या वेळी घास भरवायला दिवसच मिळाले नाहीत.

पुढे दोन महिने ती धक्क्याकडे फिरकली नाही. मग दीर सांगत आला, "वहिनी, बुडाला शिंपल्यांचा थर चढलाय. असंच राहिलं तर समुद्रातले किडे लाकूड खाऊन टाकतील."

बोट वर ओढून घेतली. ती खरवडणी घेऊन खाली आडवी झाली आणि बोटीच्या नाकापासून सुरुवात केली. काम चार दिवसांचं होतं. तिला सहा लागले.