पाचर माझी होती

आमच्या मावळात दशक्रियेला नदीवर भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माइक चालू असतो आणि गेलेल्या माणसाबद्दल ज्याला जे बोलायचं ते तो बोलतो. मी अशी पुष्कळ भाषणं केली आहेत. माझा आवाज मोठा आहे आणि मी लांबण लावत नाही, म्हणून लोक बोलावतात. गेल्या वर्षी पवनेच्या काठावर ज्याचा दहावा होता, त्याच्याबद्दल मी काय बोलणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. त्याच्या हयातीतच मी ते कितीदा तरी सांगितलं होतं.

आम्ही दोघं तळेगावजवळच्या एका लहान कारखान्यात होतो. तो पत्रा कापायचा पॉवर प्रेस चालवायचा. मी सेटर. म्हणजे प्रेसमध्ये डाय, म्हणजे साचा, बसवायची, पहिले दोन-चार नग काढायचे, माप बरोबर आलं की मशीन त्याच्या ताब्यात द्यायचं. एका दुपारी प्रेस खाली आला आणि त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. मी त्याला उचलून टेम्पोत घातलं, माझ्या शर्टात त्याचा हात गुंडाळला आणि दवाखान्यापर्यंत धरून ठेवला. ही माझी गोष्ट. तिच्यातला शब्दनशब्द खरा आहे, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

सांगत नव्हतो ते हे. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय तो खाली येत नाही. हात वाचावेत म्हणूनच ती सोय. पण सेटिंग करताना एक हात मोकळा लागतो, म्हणून डावं बटण दाबलेलंच राहावं यासाठी आम्ही सेटर त्यात लाकडाची पाचर ठोकायचो आणि काम झालं की काढायचो. त्या दिवशी चहाची घंटा झाली आणि मी पाचर तशीच ठेवून गेलो. तो माझ्याआधी परतला. डाव्या हातानं पत्रा सरकवत होता, उजवा सवयीनं बटणावर होता. ओरडा ऐकून मी धावलो, पाचर उपटून खिशात घातली आणि त्याला उचललं. आधी पाचर, मग माणूस.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "एका हातानं प्रेस आला कसा? हा पाचर लावायचा का?" काम भराभर उरकायला काही ऑपरेटर तसं करत. मी म्हणालो, "कधीकधी लावायचा." दोन शब्द. नियम मोडला म्हणून त्याला कामावरून काढलं. तो पवनानगरजवळ गावी परतला आणि घाई करून स्वतःची बोटं घालवलेला माणूस म्हणून तिथं राहिला.

तो गेल्याचं कळलं तेव्हा दशक्रियेला खरं बोलायचं मी ठरवलं. जुने कामगार आता पुन्हा असे एकत्र येणार नव्हते. लोणावळ्याला घरी बसून वहीत पाच पानं लिहिली आणि बायकोला दिली. तिलाही हे माहीत नव्हतं. तिनं ती वाचली. संध्याकाळी वही पुढ्यात टाकली.

"अहो, पानोपानी स्वतःला पापी म्हणताय. पाचर कुठंय?"

"आहे की. शेवटी."

"एका ओळीत. ऐकणारे तुमचीच समजूत काढतील. नका हो आबा इतकं लावून घेऊ, म्हणतील. तेच पाहिजे का?"

"मग काय लिहू?"

"शिव्या देऊन झाल्या ना? आता काय झालं ते लिहा."

मी जन्मभर मापं तपासली. नग चुकला तर त्याला लाथ मारत नसू. कुठं आणि किती चुकला ते खडूनं त्याच्यावर लिहायचो. स्वतःच्या बाबतीत मी एवढंही केलं नव्हतं. पापी म्हटलं की पुढं काही सांगावंच लागत नाही. त्या रात्री पहिल्यांदा मी चहाला गेलेल्या त्या सेटरकडे जरा मायेनं पाहिलं. तो विसरला होता. विसरणं मला माफ करता आलं. साहेबांसमोरचं खोटं माफ झालं नाही, पण त्या खोट्याकडे सरळ बघता आलं. नव्यानं लिहिलं ते अर्धं पान झालं.

दशक्रियेला कावळा लवकर येईना. मागून कुणीतरी पुटपुटलं, "समदे कावळे लोणावळ्याला चिक्की खाया गेल्यात." माइकवाला म्हणाला, "आता आबा बोलतील. यांनीच त्या दिवशी..." मी माइक घेतला. गेलेल्याची बायको ताडपत्रीखाली बायकांत बसली होती. तिला आधी एकटीला सांगायला हवं होतं. तेवढं धैर्य झालं नाही. अर्धं पान मी वाचून दाखवलं.

एक जुना कामगार म्हणाला, "आबा, आज ह्ये काढायचं व्हय?"

"बोलू द्या की त्यांला," दुसरा म्हणाला.

त्याची बायको उठून माझ्यासमोर आली. "भाऊ, ह्ये खरं?"

"खरं."

"जाईस्तवर म्हणायचे, म्या पाचर लावली न्हाई. आन म्या म्हणायची, पुरं करा आता त्ये रडगाणं."

"वहिनी, तुमची काय चूक त्यात? ते माझ्यामुळं..."

"माझं मला बगू द्या," ती म्हणाली. "लेक वराळ्याला असती. बाळंतीण हाय, म्हणून आली न्हाई. ती बी बापाला गप बसवायची. तिला तुमीच सांगा. म्या सांगितलं तर म्हणंल, मेल्यावर आई बाजू घेती."

आठवड्यानं मी वराळ्याला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं घर. लेक बाळाला खांद्यावर घेऊन उभीच राहिली. "बोला," म्हणाली. चहाच्या घंटेपासून चौकशीपर्यंत मी सगळं सांगितलं.

मग तिनं विचारलं, "बाबांनी तुम्हाला कधी काही विचारलं नाही?"

हे अर्ध्या पानात नव्हतं. वहीच्या पाच पानांतही नव्हतं.

"एकदा विचारलं. दवाखान्यात. तू पाचर बघितलीस का, म्हणून."

"मग?"

"मी नाही म्हणालो. तेव्हा ती माझ्या खिशातच होती."

बाळ रडायला लागलं. ती त्याला थोपटत राहिली, माझ्याकडे न बघता.

"हे आईला सांगितलंत?"

"नाही."

"तिला वाटतंय तुम्ही सगळं सांगितलं," ती म्हणाली आणि दार उघडलं.

घोरावाडी स्टेशनवर लोकल पकडली. तिकीट लोणावळ्याचं होतं. मी मधेच कामशेतला उतरलो आणि वहिनींच्या गावाकडं, पवनानगरला जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसलो.