टाकी कोरडी, बादल्या काठोकाठ

"तुमच्या लोकांनी माझी टाकी पिऊन टाकली की काय?" मिंगेलबाब काउंटरमागून ओरडला.

त्याचं ओरडणं वाजवी होतं. शनिवारची संध्याकाळ, गिऱ्हाईक यायची वेळ, आणि स्वयंपाकघरातल्या नळातून नुसती हवा येत होती. त्यात वीज गेलेली, म्हणजे विहिरीवरची मोटर बंद. मिंगेलबाबचं तावेर्न होतं. तावेर्न म्हणजे गोव्यातला साधा बिअर बार: खाली मोजकी टेबलं, समोर समुद्र, आणि वर मालकाच्याच भाड्याच्या खोल्या. त्या खोल्यांमध्ये माझा लातूरचा ग्रुप उतरला होता.

मी टूर मॅनेजर होतो. लातूर तेव्हा नवा जिल्हा. कलेक्टर ऑफिस आलं, त्यामागून साहेबलोक आले, आणि त्यांच्या भरवशावर आमच्या शेठनी ट्रॅव्हल एजन्सी काढली. गोव्याची ही आमची पहिलीच टूर. ऐन दुष्काळात समुद्र बघायला कोण येतंय, असं मला वाटलं होतं. पण आमची छोटी बस गच्च भरली.

"दिवाळीचा ब्लॉक विसरा," मिंगेलबाब म्हणाला. ब्लॉक म्हणजे पुढच्या ग्रुपसाठी मालकानं नुसत्या शब्दावर राखून ठेवलेल्या खोल्या. निघताना शेठनी बजावलं होतं, "ब्लॉक पक्का करूनच ये. न्हाई तर दिवाळीला दुसरा मॅनेजर जाईल." नोकरी लागून मला वर्षही झालं नव्हतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर कुलकर्णी साहेब बसले होते. कलेक्टर ऑफिसात अव्वल कारकून. कोणत्या गावाला पाण्याचा टँकर द्यायचा, हे कागद त्यांच्या टेबलावरून जात. पुढ्यात तिथलीच गार बिअर, तळलेला बांगडा आणि समोर लाटा. माणूस अगदी हळूहळू पीत होता. तासाभरापूर्वीच मला म्हणाले होते, "काय सांगू तुम्हाला, इथं बसलं की बरं वाटतंय. घरी जेवायला बसलो तरी दारात माणसं उभी असतात. इथं मला कुणी टँकर मागत नाही." त्यांच्या शेजारी शिवप्पा होते, निलंग्याकडच्या एका खेड्यातले किराणा दुकानदार. लिंगायत, गळ्यात लिंग, म्हणून पुढ्यात साधा सोडा. "बाटली तुमची, समिंदर दोघांचा," असं म्हणून ते खुशाल बसले होते.

मी वर गेलो. पहिल्याच खोलीत शिवप्पांच्या पत्नी, गंगाअक्का, दार अडवून उभ्या होत्या. आत बघितलं आणि सगळा उलगडा झाला. बादल्या भरलेल्या, मग भरलेला, तांब्या, डबे, अगदी खालून मागून आणलेल्या बिअरच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा धुऊन, भरून खिडकीत ओळीनं लावलेल्या. सगळ्या खोल्यांची हीच तऱ्हा. कुणी थेंबही वाया घालवला नव्हता. पाणी दिसलं की भरून ठेवायचं, एवढंच त्यांनी केलं होतं.

"अक्का, दोन बादल्या खाली द्या. स्वयंपाक अडलाय."

"आन् सकाळी आम्ही काय करायचं?"

"सकाळी वीज येईल. पाणी येईल."

"आमच्याकडं बी उद्याच येतंय म्हंत्यात," अक्का म्हणाल्या.

तोवर बाकीच्या खोल्यांतूनही माणसं बाहेर आली. आमचंच का, त्यांच्याकडं जास्त हाय, असं सुरू झालं. खालून मिंगेलबाब, वरून हे, आणि जिन्यात मी.

तेवढ्यात कुलकर्णी साहेब जिना चढून आले. ग्लास खालीच ठेवून आले होते. त्यांनी एकेका खोलीत नुसती नजर टाकली. "प्रत्येक खोलीत एक बादली राहू द्या. तांबे-बाटल्या प्यायला. बाकीचं स्वयंपाकघरात. तान्हं मूल आहे त्या खोलीला हात लावायचा नाही." आवाज चढवला नाही. माझं न ऐकणारी माणसं निमूट बादल्या उचलू लागली. अरुंद जिन्यावरून भरल्या बादल्या खाली गेल्या, पण पायऱ्या कोरड्या राहिल्या. मिंगेलबाब तोंडात बोट घालून बघत होता.

शेवटची बादली गंगाअक्कांची. ती उचलताना त्या थांबल्या.

"सायेब, आमच्या गावचा टँकर कधी यील?"

साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्ही मला ओळखता, अक्का?"

"हाव की. बसमधी बसल्यापून वळखलं. सगळ्यायनीच वळखलं."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुमी दोन घडी निवांत बसलात, म्हून मीच म्हणलं, कुणी काडू नगा इषय. आता तुमीच पाणी वाटाय लागलात, म्हून इच्चारलं."

साहेब म्हणाले, "कागद माझ्याच टेबलावर आहे. टँकर कमी आहेत, खोटं सांगत नाही. पण सोमवारी तोच कागद आधी घेतो." अक्कांनी मान हलवली आणि बादली घेऊन खाली गेल्या.

साहेब टेबलावर परतले. बिअर कोमट झाली होती. मिंगेलबाब गार बाटली घेऊन आला, तर यांनी हातानंच नको म्हटलं. अर्धी उरलेली कशाला वाया घालवायची, म्हणाले. शिवप्पा शेजारी बसून राहिले.

ब्लॉक मिळाला. मिंगेलबाबनं दिवाळीआधी दुसरी टाकीही बसवली. अक्कांच्या गावाला टँकर पोचल्याचं पुढे शिवप्पांनीच सांगितलं. रोज नाही, दिवसाआड. कुलकर्णी साहेब मात्र आमच्या टूरला पुन्हा आले नाहीत.

आमच्या जाहिरातीत तेव्हा एक ओळ असायची: 'घरचं सगळं विसरून चला!' लातूरला परतल्यावर ती मी काढायला लावली. शेठनी कारण विचारलं. मी म्हणालो, "जे आपल्याला देता येत नाही, ते छापू नये."