बटण तिच्या बाजूला

काही माणसांच्या पायाला भिंगरी असते. याच्या सगळ्या अंगालाच होती, म्हणून लोक त्याला सरळ भिंगरीच म्हणत. वय बावन्न, धंदा मधमाश्या पाळण्याचा. त्याची धावपळ बघून माश्यांनाच दम लागावा. जेवताना तो दोनदा उठे. दाढी करताना फाटकापर्यंत जाऊन येई; एका गालाला साबण लावलेला भिंगरी सगळ्या गल्लीने पाहिला होता. बावीस वर्षांत बायकोचं एकही वाक्य त्याने पुरतं ऐकलं नव्हतं. ती क्रियापदापर्यंत पोचायची तोवर हा अंगणात.

सूर्यफुलं फुलायला लागली की माश्यांच्या पेट्या पिकअपमध्ये घालून शेतात नेऊन ठेवायच्या, हे त्याचं काम. माश्या घरी परतल्याशिवाय पेटी हलवता येत नाही, म्हणजे प्रवास दिवेलागणीनंतरच. आणि शेताच्या अलीकडे एक कोरडं नदीपात्र होतं, गोट्यांनी आणि खड्ड्यांनी भरलेलं. पिकअपचे दिवे तर असे, की ते लागलेत का हे बघायला काडी ओढावी. त्यामुळे पात्र आलं की बायको खाली उतरे आणि टॉर्च घेऊन गाडीपुढे चालू लागे. टॉर्चच्या काचेवर लाल कागद चिकटवलेला. कारण माशीला लाल रंग दिसत नाही, हे ज्ञान भिंगरी पाहुण्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना विनामूल्य देत असे. ती पुढे चालायची आणि हा मागून हॉर्न वाजवायचा.

यंदा तिने जाहीर केलं, "मी काही येत नाही. गुडघा सुजलाय. दुसरं कोणीतरी बघा." आणि या वेळी ती क्रियापदापर्यंत पोचली, कारण भिंगरी जागच्या जागी थिजला होता.

पेटी दोघांनीच उचलायची असते, हे तो चारचौघांत सांगू शकत होता. शेजारची सीट रिकामी बघवणार नाही, हे कुणाला सांगणार?

"तू चालूच नकोस ना!" तो म्हणाला. "मी गाडीला असे दिवे लावतो, की नदीतला खडान् खडा मोजून घे."

दुपारी तो दुकानातलं सगळ्यात मोठं खोकं घेऊन मेहुण्याच्या गॅरेजात हजर. मेहुणा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा आणि बहिणीचा संसार बाहेरून बघून बघून शांत झाला होता. खोक्यावर लिहिलं होतं, दोनशे चाळीस वॅट. मेहुण्याने दिवा तळहातावर तोलला, बॅटरीला जोडला आणि मीटर लावला.

"अठरा वॅट, भाऊजी."

"आणि बाकीचे?"

"ते खोक्यावरच राहिले."

खोकं परत गेलं. मग भिंगरीने चार दिवसांत सहा दुकानं पालथी घातली आणि सातव्यांदा गॅरेजात आला तेव्हा मेहुण्याने आपल्या फळीवरून दोन छोटे, ओबडधोबड दिवे काढून त्याच्या हातात ठेवले. "स्वस्त आहेत, पण वजन बघा. पाठीला अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आहेत, त्यामुळे तापून मरणार नाहीत. आणि झोत पसरट आहे. तुम्हाला जायचंय गोट्यांतून, आकाशात नाही."

"टपावर लावू या. रुबाब दिसतो."

"टपावरचा उजेड बॉनेटवर पडून तुमच्याच डोळ्यांत येईल. खाली बंपरवर लावायचे. मग खड्ड्याची सावली पडते, खड्डा दिसतो."

वायरिंगच्या वेळी भिंगरीला पकडी धरायला दिल्या, तर तो पकडीसकट चहा सांगायला गेला. मेहुण्याने जाड वायर ओढली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला आणि वर एक काळी डबी.

"ही कशाला?"

"रिले. बटणाची वायर बारीक, तिला एवढा भार सोसत नाही. बटण फक्त हुकूम सोडतं, भार हिच्यातून जातो." आणि हळूच म्हणाला, "ही डबी म्हणजे आमची ताई."

ताई दारात उभीच होती. "बटण माझ्या सीटच्या बाजूला बसव," ती म्हणाली. "तरच मी येईन. यांचा हात एका जागी राहत नाही."

भिंगरीने खूप आदळआपट केली. बटण तिच्या बाजूला बसलं.

पहिली खेप निघाली. पात्र आलं, तिने बटण दाबलं, आणि गोटे असे लख्ख झाले की भिंगरी ओरडला, "फेकून दे तो तुझा टॉर्च!" तिने तो पिशवीत आणखी खाली सरकवला. वीस मिनिटांत पलीकडे. दोघांनी पेट्या उतरवून गाडीसमोर मांडल्या. ती गुडघा चोळत सीटवर जाऊन बसली, आणि भिंगरीने तोंडावरची जाळी सीटवर फेकून, बाह्या वर करून, पांढऱ्या झगझगीत उजेडात एकामागून एक पेट्यांची दारं उघडली.

पोस्टमनलाही पाठ असलेली गोष्ट तो आनंदात विसरला होता.

गोट्यांवरून आदळून चिडलेल्या माश्या दारांतून उजेडाकडे निघाल्या. वाटेत भिंगरी होता. बाह्यांवर, छातीवर, मानेवर, माशीशेजारी माशी. एक कानाच्या पाळीला डसली.

"बंद कर! अगं, बटण!"

दिवे विझले. अंधारात तिचा आवाज आला. "हलू नका."

"मी कुठे हलतोय?"

"बोलताना मान हलते."

ती जाळी घालून, लाल टॉर्च आणि मऊ ब्रश घेऊन आली. गाडीतली एक रिकामी पेटी त्याच्या पायाशी ठेवली आणि डाव्या खांद्यापासून एकेक झुपका हलक्या हाताने खाली उतरवू लागली. आयुष्यात पहिल्यांदा भिंगरी इतका वेळ एका जागी उभा होता.

"सापडलात," ती म्हणाली. "आता ऐका. मला चालायचा कंटाळा नव्हता. गुडघा दुखतो, पण तेवढ्याने मी थांबले नसते. मी गोटे चाचपत पुढे चालायची आणि तुम्ही मागून हॉर्न वाजवायचात. जणू रस्त्यात म्हैस आडवी आलीय. त्याचा राग होता."

भिंगरीने ओठ न हलवता विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. सोळा वेळा. तुम्ही अंगणात होतात."

ब्रश मानेवरून छातीवर उतरला. मग तो पुटपुटला, "म्हैस नाही गं. मला भीती वाटायची तू पडशील. काय करावं सुचायचं नाही, म्हणून वाजवायचो."

ब्रश थांबला. मग पुन्हा चालू झाला, पण आता जरा सावकाश. उजव्या बाहीवर अजून शंभरेक माश्या होत्या आणि तिच्याकडे बावीस वर्षांचं साठलेलं होतं.

परतताना पात्राशी तिने बटण दाबलं. गोटे उजळले. त्याचा हात सवयीने हॉर्नकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"दिसलं मला," ती म्हणाली. "उद्याच्या खेपेला या दिव्यांना लावायला लाल कागद घ्या. मी पुन्हा सांगणार नाही."