शुक्रवारी तळलेला मासा

मुलगी प्रायमरी थ्रीमध्ये, म्हणजे तिसरीत असताना शाळेने एका शनिवारी सकाळी कार्यक्रम ठेवला. प्रत्येकाने एखाद्या देशाचा पारंपरिक पदार्थ आणायचा आणि तो कुठून आला ते वर्गाला सांगायचं. त्याआधी काही दिवस मी तिच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. मुलांनी नाकं दाबली आणि तेव्हापासून ती कँटीनमध्ये एकटी जेवत होती. त्यामुळे या वेळी तिनेच ठरवून टाकलं.

"फिश अँड चिप्स. इंग्लंडचं. आपलं काहीच नको."

इथे परदेशात, बुकित बातोकला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अलिबागकडच्या एक मावशी मुलाकडे राहायच्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तरुणपणी त्यांनी लंडनमध्ये नर्सची नोकरी केली होती. तिकडे माशाला काय लावतात ते विचारायला मी मुलीला घेऊन गेले.

"इंग्लंडचं कसलं गो?" मावशी म्हणाल्या. "पोर्तुगालमधून पळालेल्या ज्यू लोकांनी नेला तळलेला मासा तिकडे. शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, चूल पेटवायची नाही. मग शुक्रवारी तळून ठेवायचा नि दुसऱ्या दिवशी थंड खायचा. माझी आईपण तेच करायची."

"आणि बटाटे?" मी विचारलं.

"त्यावरून इंग्रज अजून भांडतायत. कुणी म्हणतं पहिलं दुकान उत्तरेकडच्या गिरण्यांच्या गावात निघालं, कुणी म्हणतं लंडनात."

मुलीचं तोंड उतरलं. "मग मी सांगू काय? नॉट इंग्लिश लाह!" ती इथल्या मुलांसारखं बोलली.

"हेच सांग," मी म्हटलं.

गुरुवारी मी तालीम केली. भज्यांसारखं बेसन भिजवलं, सुरमईचे तुकडे तळले आणि आयुष्यभर करत आले तसे गरमगरम स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं. तासाभराने उघडलं तर वरचं पीठ ओल्या फडक्यासारखं सुटून आलं. मुलगी डब्याकडे बघत म्हणाली, "परत हसतील मला."

मावशींना डबा दाखवला. "वाफ कोंडलीस की! आणि बेसन कुणी सांगितलं होतं?"

शुक्रवारी दुपारी त्या खाली आल्या, कारण त्यांचा शनिवार शुक्रवारी दिवस मावळल्यापासूनच सुरू व्हायचा आणि मग त्या विस्तवाला हात लावत नसत. मीठ, लिंबू, मग तांदळाचं पीठ, वरून अंडं, आणि भरपूर तेल. तळलेले तुकडे कागदावर सुटेसुटे मांडून पार निवू दिले, मगच डब्यात भरले. "बटाटे मात्र थंड चांगले लागत नाहीत, आधीच सांगते," असं बजावून त्या वर गेल्या. नावात चिप्स होते म्हणून मी ते तळलेच.

दुसऱ्या दिवशी मासा संपला, बटाटे परत आले. वर्गात काय झालं ते मुलीने चपला काढता काढता सांगितलं. मासा गार का, असं एका मुलाने विचारलं. तिने चुलीचं सांगितलं. मग हा पदार्थ इंग्लंडचा की नाही यावर दोन मुलांची जुंपली आणि बाईंनाच मध्ये पडावं लागलं. भांडता भांडता दोघं मासा खात होते.

आठवड्याभराने एका सकाळी, डब्यात काय देऊ, असं मी विचारलं.

"काहीही. पण छोटा डबा दे. आता आम्ही चौघी एका बाकावर बसतो, जागाच नसते."

छोट्या डब्यात मी तिला पोळीभाजी दिली, बोंबलाची चटणी एवढ्यात नको म्हणून.