गच्चीवरचा शनी

पहिल्यांदा दुर्बिणीतून शनी बघायला मिळाला, तेव्हा मी डोळा गच्च मिटून घेतला होता. साडेसाती थेट आत शिरली तर! वर "वा, काय सुंदर!" असंही म्हणाले. बी.एस्सी. झालेली बाई मी.

दुर्बीण आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची नोकरी झाली. गच्चीवर दुर्बिणीपाशी जाताना ते चपला काढतात. "हा त्याचा कारखाना, वहिनी," आभाळाकडे बोट करून म्हणतात.

आता काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेलीच आहे. दुसरं कोणी वर येत नाही, मलाही जिना नकोसा होतो. तरी काल दिवेलागणीला त्यांनी हाक मारली आणि मी कुरकुरत गेले. मी नळी शनीकडे वळवली, ते चाचपत फोकसचा स्क्रू फिरवू लागले.

"कडं दिसतंय?"

"नुसता ठिपका."

"आता?"

"ठिपकाच हो."

ते दमून कठड्याला टेकले. मग पुन्हा बोटं स्क्रूवर गेली.

"थांबा! दिसलं. बारीक आहे, पण आहे."

मग ते दुर्बिणीवर फडकं टाकत म्हणाले,

"चला, त्याचं काम चालू आहे. आता उतरताना हात द्या वहिनी, मला पायरी दिसत नाही."