लॉवेलचं पातेलं

अमेरिकेला जातो म्हणून सांगितलं तेव्हा आई डाळ पाखडत होती. तिने विचारलं, "तिथं पानी कोन्या जातीचं भेटते?" मी म्हणालो, "नळाचं." ती पुन्हा पाखडायला लागली. परवानगी मिळाली, असं मी समजलो.

सोबतीला रोहिणखेडचा करीम होता. हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे वडील कापसाचे अडते, माझे कास्तकार. आमच्या मुलखातून कापूस गाठी बांधून बाहेर जातो, तेव्हा त्याचं कापड कसं होतं ते एकदा पाहून यावं, असं दोन्ही वडिलांनी ठरवलं. मोताळ्याहून मलकापूरपर्यंत बैलांची दमणी, तिथून मुंबईची गाडी, पुढे बोट. जाणाऱ्यांनी लोणचं जपून वापरावं. बोटीवर पहिल्या आठवड्यात भूक नसते आणि दुसऱ्या आठवड्यात लोणचं नसतं.

बोस्टनहून लॉवेल, आमचं कापड शिकायचं गाव, रेल्वेने जवळच आहे. गाव ना मोठं ना लहान. कालवे, लाल विटांच्या गिरण्या आणि सकाळी कोणालाही झोपू न देणारे भोंगे. ग्रीकांची गल्ली वेगळी, फ्रेंच बोलणाऱ्या कॅनडावाल्यांची वेगळी. आयरिश, पोलिश, पोर्तुगीज, प्रत्येकाचं देऊळ वेगळं, पावाची भट्टी वेगळी, कबरस्तानही वेगळं. शेजारच्या गल्लीला वास येतो, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मला मोताळ्याची फार आठवण आली.

खोली पत्राने ठरवू नये. पत्रात रिकामी असलेली खोली आमचा रंग दारात दिसला की भरलेली निघायची. शेवटी एका आयरिश विधवेने ठेवून घेतलं. भाडं दर शनिवारी, आगाऊ. स्वयंपाकघरात तिने एक फळी दाखवली आणि जाड बुडाचं एक पातेलं हातात दिलं.

"दोघं हिंदूच ना? मग एक पुरे."

तिकडे हिंदुस्थानातून आलेला कोणीही हिंदूच. करीम माझ्या कानाशी म्हणाला, "आपुन हिंदू झालो बे. घरी नोको सांगू."

त्या संध्याकाळी पातेलं मध्ये ठेवून आम्ही दोघं बराच वेळ बसलो. आमच्या घरी करीमने पाणी मागितलं की आई वरून त्याच्या ओंजळीत ओतायची. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मला तरी नसे. बाहेर बर्फ पडत होतं आणि पोटात कावळे ओरडत होते. त्याला डुक्कर चालत नव्हतं, मला कुठलंच मांस. हे सगळं वजा केल्यावर ग्रीकाच्या दुकानातली मसूर उरली. मी शिजवली. करीमने चव घेतली.

"मीठ कमी हाये बे."

पुढे दोन वर्षं तो रोज हेच म्हणाला. मीठ वाढवून पाहिलं, फरक पडला नाही. एका हिवाळ्यात मला ताप भरला तेव्हा त्याने त्याच पातेल्यात पेज केली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन पाजली. सख्ख्या भावावरही माझी एवढी माया नव्हती.

निघताना घरमालकिणीने पातेलं आम्हालाच देऊन टाकलं. करीमच्या ट्रंकेत जागा होती, म्हणून ते रोहिणखेडला गेलं.

परत आल्यावर महिनाभराने मी त्याच्याकडे गेलो. मशिदीमागे त्यांचं घर. त्याच्या आईने, मी त्यांना चाची म्हणायचो, अंगणात माझ्यासाठी नवी चूल मांडली होती. पाणी भरायला शेजारच्या कुणब्याची सून बोलावलेली. सुपात शिधा: कणीक, डाळ, तूप. हिंदू पाहुण्याचा असाच मान ठेवतात. मग त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं पातेलं पुढे ठेवलं.

"हे तुमचं भांडं, बेटा. आमच्यातलं कोनी हात नाही लावला."

करीम जमिनीकडे पाहत होता. मला रडू यायचं बाकी राहिलं. मी डाळ शिजत लावली. ती होत आली तसा करीम उठला, पळी बुडवून चाखली आणि म्हणाला, "मीठ कमी हाये बे."

"करीम! पाहुन्याचं अन्न बाटवलं ना तू!"

"चाची," मी म्हणालो, "दोन वर्सं आमी यातूनच जेवलो."

त्या खाली बसल्या. "तुह्या आईले मालूम हाये?"

"नाही."

"मंग पहिले तिले सांग. मंग ये. मी सोता रांधून वाढीन."

पातेलं मी मोताळ्याला आणलं. आईला ते फार आवडलं. बुडाशी वरण लागत नाही म्हणाली. आठ दिवस सगळं घर त्यातून जेवलं आणि मी सांगणं उद्यावर ढकलत राहिलो. करीम बाजाराला यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी ती डाळ पाखडायला बसली आणि मी समोर बसून सगळं सांगितलं.

तिने सूप खाली ठेवलं. उठून पातेलं अंगणात नेलं आणि राखेने घासत बसली. इतकं घासलं की मला वाटलं, हे आता विहिरीत जातं. दिवेलागणीला ते पुन्हा चुलीवर होतं.

"त्या पोराले सांगजो," माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "उद्या आला त ओंजळ नोको धरू म्हना. घरात पेले हायेत."

त्याला मीठ कमी लागेल, हे मी तिला सांगितलं नाही.