न बुजवायची विहीर

धायरीचे ज्ञानदेव दर महिन्याला आपल्याच जमिनीचा सातबारा काढून आणतात. त्यावर आपलं नाव अजून आहे ना, एवढंच बघायला. त्यांच्या वडिलांनी एका शेजाऱ्याला बैलगाडीपुरती वाट दिली आणि पुढे ती वाट सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून चढली. तेव्हापासून या घराने कुणावर विश्वास म्हणून टाकलेला नाही. भाजीवाल्याने चार मिरच्या जास्त टाकल्या तर ज्ञानदेव त्या परत करतात.

मी सुहासिनी, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या अर्ध्या एकराला लागून असलेल्या सोसायटीची सचिव. चहूकडे इमारती उठल्या तरी ती जमीन मोकळी होती. मधोमध दगडी विहीर, कडेला आंबे. पावसाचं पाणी तिथे मुरायचं, म्हणून आमच्या बोअरला उन्हाळाभर पाणी असायचं. हे एका भूजलतज्ज्ञाने सांगितलं. तोवर बोअर आमच्या पुण्याईवर चालतं असं आम्ही धरून चाललो होतो.

मग आम्ही ठराव केला. विहीर बुजवायची नाही, जमिनीवर काँक्रीट घालायचं नाही, त्याबद्दल ज्ञानदेवांना दरवर्षी मोबदला. कल्पना माझीच. कागद घेऊन गेलेही मीच.

त्यांनी आधी कागदाची मागची, कोरी बाजू तपासली.

“पैसं कशाचं?”

“काही न करण्याचे. आहे तसं राहू द्यायचं.”

“काय न करायचं पैसं कोण देतं, बाई? मंजी हिरीत तुमचं कायतरी हाय.”

“पाणी आहे, अहो.”

“त्ये तर माजं हाय.”

विचार करतो म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी सातबारा दोनदा काढला, असं त्यांची मुलगी रुपाली मला हसत सांगून गेली. मीही हसले. पण खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय आला. हा माणूस रक्कम वाढवायला ताणतोय, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी दुप्पट आकडा घेऊन गेले. तिथेच सगळं बिनसलं. दुप्पट ऐकल्यावर आमचा विहिरीवर डोळा आहे, अशी त्यांची खात्रीच पटली.

तिसऱ्या दिवशी मुरमाचे डंपर आले. मला कळेपर्यंत विहीर काठोकाठ भरली होती. मी अनवाणीच धावले.

“अहो, हे काय केलंत? तुमचे आंबेसुद्धा जगणार नाहीत.”

“जळू द्या आंबं. हीरच ऱ्हायली न्हाई, आता हक्क कशावर लावताल?”

माझा राग आवरेना. “बुजवायचीच होती तर आम्हाला इतके दिवस ताटकळत का ठेवलंत?”

ज्ञानदेवांनी माझ्याकडे खरोखर नवलाने पाहिलं.

“माज्या आज्यानं खांदलेली हीर, बाई. ती बुजवायची आसती, ह्ये कदी मनातबी आलं न्हवतं. तुमच्याच कागदात पयल्यांदा वाचलं.”